कानबाई किराणा, मुक्काम पाण्यावर

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण नुसती होडी म्हणून माझी बोळवण करू नका हं! माझ्या पोटात किराणा दुकान आहे. मीठ, तेल, साबण, चहाची भुकटी, काडेपेटी, बॅटरीचे सेल, बांगड्या, पाटी-पेन्सिली, सगळं माझ्याकडे मिळतं. माझ्या कडेवर पिवळ्या रंगात 'कानबाई किराणा' असं लिहिलेलं आहे. अक्षरं आता पुसट झाली आहेत, पण मला ओळखायला पाटी कशाला हवी? माझ्या इंजिनाचा खोकला ऐकू आला की मणिबेलीच्या टेकडीवरची कुत्रीसुद्धा भुंकून सांगतात, की म्हातारी आली.

मला बांधलं सुपडू मिस्त्रीने. चांगल्या जाड सागाच्या फळ्या त्याने निवडल्या, आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि डांबर ठोकून ठोकून भरलं. मी फार कुरकुरले. तेव्हा तो म्हणाला, "आता काय कुरकुरायचं ते कुरकुरून घे बाई, पुढं पाण्यात तोंड उघडायचं नाही." त्याचा हा शब्द मी पुष्कळ वर्षं पाळला. एकदाच माझं तोंड उघडलं, ते पुढे सांगते.

त्या काळी नर्मदेचं पाणी धरणामुळे चढून डोंगराला टेकलं होतं. खालची गावं पाण्यात गेली. काही माणसं दूर वसाहतीत गेली, आणि काही आपल्याच डोंगरावर चार पावलं वर सरकून राहिली. त्यांच्यापर्यंत रस्ता नाही. पाणी हाच रस्ता. मी त्यांची माणसं वाहिली, शेळ्या वाहिल्या, नवऱ्या मुली वाहिल्या, आजारी माणसं वाहिली. पुढे माझ्याहून हलक्या, चकचकीत होड्या आल्या आणि मला काठावर पालथं घालून ठेवलं. गरज सरो, वैद्य मरो! माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला वाटलं, झालं, संपलं आपलं आयुष्य.

पण नाही. एक दिवस मला उताणं करून कोणीतरी माझ्या बुडावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. तो जगदीश होता.

जगदीश धानोऱ्याचा. मोटारसायकलला पिशव्या बांधून आठवडे बाजार करणारा साधा दुकानदार, तोंडात कायम अहिराणी. मोलगीच्या बाजारात त्याला एकदा एक बाई भेटली. डोक्यावर मिठाची गाठोडी, हातात तेलाची बाटली. त्याने विचारलं, कुठल्या तुम्ही? बाईने डोंगराकडे बोट केलं. त्या डोंगराच्या मागे अजून एक डोंगर, आणि त्याच्या मागे पाणी, तिथली. मिठासाठी ती पहाटे निघाली होती आणि परत पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. ती मणिबेलीची रमिलाबाई. जगदीशच्या मनात तेव्हाच आलं, की ही बाई मिठाकडे एवढी चालत येते, तर मीठ बाईकडे का जाऊ नये?

गावात लोक त्याला हसले. "त्या गरीब लोकांना काय विकशील रे? दात कोरून पोट भरतं का कुठे?" असं म्हणाले. जगदीशने ऐकून घेतलं, मला विकत घेतलं आणि माझ्या कडेवर आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचं नाव रंगवलं. म्हणून मित्रांनो, माझे पहिले आभार त्यालाच. पडलेल्या म्हातारीवर भरवसा ठेवायला छाती लागते.

सुरुवातीला मात्र त्याने सगळंच उलटं केलं! शहरातल्या दुकानासारखे मोठे मोठे डबे, मोठ्या पिशव्या मांडल्या. बायका यायच्या, हात लावून बघायच्या, एकमेकींशी बोलायच्या आणि निघून जायच्या. जगदीश तोंड पाडून बसायचा. मग एकदा रमिलाबाईच म्हणाली, "शेठ, एवढं तेल नेऊन ठेवू कुठे? हातात थोडं येतं, तर थोडंच नेणार ना." घरात ती भिलोरी बोलते. जगदीशशी मोडकंतोडकं मराठी. मी तुम्हाला कळेल अशा मराठीत सांगते आहे, एवढं समजून घ्या.

त्या दिवसापासून जगदीश तारेने साबणाच्या वड्या कापू लागला. तेल ज्याच्या त्याच्या बाटलीत, जेवढं हवं तेवढं. मधे त्याने शाम्पूच्या चिमुकल्या पुड्यांच्या माळा लटकवल्या होत्या, त्या खपल्याही. पण रिकाम्या पुड्या पाण्यावर तरंगत यायच्या आणि माझ्या अंगाला चिकटायच्या, शी! मला तर देवीच्या फोडांसारख्या वाटायच्या. रमिलाबाईने एका सकाळी त्या मूठभर गोळा करून जगदीशपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "शेठ, हा तुमचा माल परत घ्या." तेव्हापासून शाम्पूसुद्धा मोठ्या कॅनमधून, आपापल्या बाटलीत. कोणाकडे रोख नसेल तर आमचूर आण, चारोळी आण, अंडी आण. जगदीश ते बाजारातल्या भावानेच घ्यायचा. त्या बाबतीत तो सरळ माणूस आहे, हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन.

माझं सुकाणू धरायला त्याने दिवाल्याला ठेवलं. दिवाल्या मणिबेलीचाच. बोलायला कंजूष. दिवसभरात जे काही बोलेल ते इंजिनाशी. त्याला विचारलं असतं तर जगदीशची एक मोठी फजिती टळली असती. पण विचारतो कोण!

झालं असं, की पावसाळ्यात जगदीशने मैदानातून कोवळ्या काकड्या, भेंडी, दोडकी भरून आणली. ताजा माल, हिरवागार. त्याला वाटलं, बायका तुटून पडतील. आम्ही काठाला लागलो. बायका आल्या, माझ्यात डोकावल्या आणि दचकून मागे सरल्या. भाजी राहू द्या, मीठसुद्धा कोणी घेतलं नाही. सगळ्या काठावर उभ्या, जशी काही माझ्यात नागीण बसली आहे!

"माय वं! या काकड्यास्नी काय पाप करं?" जगदीश ओरडला.

रमिलाबाई लांबूनच म्हणाली, "शेठ, आमची नवाय झाली नाही अजून. नवं पीक आधी देवाला, मग माणसाला. तोवर आम्ही नव्याला हात लावत नाही. तुम्ही ते मिठाच्या शेजारी ठेवलं, आता मीठ तरी कसं घेऊ?"

जगदीशने दिवाल्याकडे बघितलं. "तुले माहीत व्हतं?"

"हो."

"मंग बोलना का नही?"

"तुम्ही विचारलं नाही."

मी हसून हसून इतकी हलले की दोन काकड्या पाण्यात पडल्या. सगळी भाजी परत न्यावी लागली, पलीकडच्या काठावरच्या शेळ्यांनी सण केला. पण जगदीशचा एक गुण सांगते, तो एकाच दगडावर दोनदा ठेचकाळत नाही. नवाय झाली तेव्हा गावाने त्याला बोलावून जेवू घातलं. त्यानंतर माझ्यात काय भरायचं ते तो आधी दिवाल्याला विचारू लागला आणि दिवाल्या बिचारा बोलायला शिकला.

मग माझे सुखाचे दिवस आले. रमिलाबाईला आता मिठासाठी दोन डोंगर चढावे लागत नव्हते. तो वेळ तिने शेताला दिला. एक म्हातारी होती दगूबाई, ती काही घ्यायची नाही, नुसती माझ्या कडेवर बसायची, पाय पाण्यात सोडून. जगदीश तिला कधी ऊठ म्हणाला नाही. माझ्या मनात येई, मी माणसं वाहिली तेव्हा माणसं उतरून निघून जात. आता ती माझी वाट बघतात. वाट बघणारं कोणी असणं म्हणजे केवढं सुख आहे, ते पालथ्या पडलेल्या होडीला विचारा.

आणि मग ती होळी आली.

आमच्या सातपुड्यात होळी म्हणजे सणांचा सण. काठी गावच्या राजवाडी होळीला तर डोंगरडोंगरांतून माणसं जातात. दिवाल्याने त्या वर्षी नवस केला होता. अंगावर ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं बांधून तो काठीला नाचणार होता. त्यासाठी त्याची पालणी चालू होती, म्हणजे नियम पाळायचे, खाटेवर झोपायचं नाही, चपला घालायच्या नाहीत. तो होडीवर येणार नव्हता. जगदीश म्हणाला, हरकत नाही, मी नेतो. गूळ, तांदूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन, कपडे, गुलाल, घुंगरं, सगळा होळीचा माल त्याने माझ्यात ठासून भरला. मी पाण्यात कडेपर्यंत बसले. "अरे जरा कमी भर," मी कुरकुरले. पण पालथ्या घड्यावर पाणी!

उन्हाळ्याकडे पाणी उतरत होतं. मणिबेलीचं जुनं गाव जिथे बुडालं आहे तिथे दिवाल्या नेहमी लांब वळसा घालायचा. जगदीशला घाई होती, तो सरळ निघाला. तिथे पाण्याखाली जुन्या गावातलं मोहाचं एक मोठं झाड उभं आहे, वाळलेलं. त्याचं टोक पाण्याखाली वीतभरच राहिलं होतं.

कट्ट्! माझी एक फळी मधोमध फुटली.

सुपडू मिस्त्री, तुझा शब्द मोडला रे बाबा. पाण्यात माझं तोंड उघडलं. भसाभसा पाणी आत आलं. जगदीशने भांड्याने उपसायला सुरुवात केली, मग भांडं टाकून तो नुसता ओरडू लागला. काठावरून रमिलाबाईने ऐकलं. तिने हाक दिली आणि बघता बघता छोट्या छोट्या डोंग्या पाण्यात आल्या. कोणी पोहत आलं. आधी जगदीशला काढलं, मग पोती, मग दोऱ्या बांधून मला ओढत काठावर नेलं. डाळ्या, खजूर, कपडे, जे जे भिजलं ते ते बायकांनी आपापल्या अंगणात वाळत घातलं. गूळ मात्र विरघळला. पोरं म्हणत होती, आज नर्मदा गोड झाली, आणि ओंजळीने पाणी पिऊन बघत होती.

जगदीश माझ्याशेजारी चिखलात बसला होता. "गया बठ्ठा माल," तो म्हणाला. "आते बस. हाई नाव मी इकी टाकसू. पुन्हा मोटारसायकलवर बजार करसू."

मला कोण घेणार, ते मला माहीत होतं. पलीकडचा वीटभट्टीवाला येता-जाता माझ्या फळ्यांकडे बघायचा. मित्रांनो, मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पाण्यात बुडणं निराळं आणि भट्टीत जळणं निराळं.

पण माझ्याहून जास्त घाबरली होती रमिलाबाई. ती नुसती डोंगराकडे बघत राहिली, जिकडून मोलगीची वाट जाते तिकडे. त्या वाटेने मीठ डोक्यावर घेऊन येताना तिची मान किती दुखायची, ते ती माझ्या कडेवर बसून कितीदा बोलली होती. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "शेठ, होळी होऊ द्या. मग आम्ही लाह काढतो."

लाह म्हणजे काय, ते सांगते. एकाच्या कामाला सगळ्या गावाने जायचं. मजुरी नाही. ज्याचं काम असेल त्याने जेवू घालायचं, बस. उद्या दुसऱ्याने लाह बोलावली की आपण जायचं. डोंगरात घरं अशीच उभी राहतात, शेतं अशीच निंदली जातात.

"मन्हाकडे आते देवाले काय शे?" जगदीश म्हणाला.

"भिजलेले तांदूळ आहेत ना? ते शिजवा," रमिलाबाई म्हणाली.

होळी झाली. दिवाल्या काठीहून नवस फेडून आला, अंगावरचे ठिपके अजून पुरते गेले नव्हते. गाव जमलं. मला आडवं केलं, माझी फुटकी फळी काढली. आता प्रश्न आला नव्या फळीचा. जंगलातला साग तोडायचा नाही, आणि बाजारातली फळी आणायला जगदीशचे हात रिकामे.

रमिलाबाई घरात गेली. दिवाल्याला घेऊन ती परत आली तेव्हा दोघांनी खांद्यावर एक जाडजूड जुनी फळी आणली होती. ते तिच्या जुन्या घराचं दार होतं. गावात पाणी शिरलं त्या वर्षी तिच्या नवऱ्याने घर सोडताना ते उचकटून डोक्यावर आणलं होतं. नवरा आता नाही. नव्या घराला कुडाचं दार लावून तिने हे जपून ठेवलं होतं, आढ्याला बांधून.

"बहीन, हाई नको," जगदीश म्हणाला.

"घरात बांधून ठेवलेलं दार कोणासाठी उघडायचं?" रमिलाबाई म्हणाली. "लावा."

दिवाल्याने ते तासलं. बायकांनी कापूस वळला, पुरुषांनी डांबर तापवलं. दगूबाई काही करू शकत नव्हती, ती माझ्या कडेवर हात फिरवत बसली. फळी बसवताना मी एक शब्द कुरकुरले नाही. जगदीशने मोठ्या हंड्यात भात आणि मिरचीची झणझणीत डाळ रांधली, नंदुरबारची मिरची ती, खाताना निम्मं गाव डोळे पुसत होतं. जगदीशही पुसत होता, पण त्याने तर अजून घासही घेतला नव्हता.

इथेच गोष्ट संपली असती, तर मी म्हटलं असतं, भले लोक, भलं केलं. पण खरी गंमत पुढेच आहे.

पावसाळा आला. मक्याच्या शेतात गवत माजलं. एक दिवस दिवाल्या इंजिन बंद करून म्हणाला, "शेठ, परवा रमिलाबाईकडे निंदणीची लाह आहे. तुम्हाला बोलावलंय."

जगदीश गोंधळला. त्याने मिठाची एक गोणी आणि वर साखर दिवाल्याच्या खांद्यावर दिली. "हाई तिले देई दे. मन्हाकडून."

दिवाल्या गेला आणि गोणी तशीच घेऊन परत आला. "बाई म्हणाली, मीठ नको. हात पाहिजेत."

जगदीशचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! "मी दुकानदार शे. माले निंदता कोठे येस?" तो माझ्याकडेच बघून म्हणाला, जशी मी काही सुटका करणार होते. मी मनात म्हटलं, जा बाबा जा, माझ्या बुडाला जे लागलं आहे त्याची लाज राख.

तो गेला. पँट गुडघ्यापर्यंत वळून, डोक्याला गमछा बांधून चढला टेकडी. दुकान माझ्यात तसंच उघडं. राखायला कोणी नाही. शेजारच्या पाड्यावरच्या बायका बाटल्या घेऊन आल्या. शेठ कुठे? तर म्हणे रमिलाबाईच्या शेतात निंदतोय! आधी त्या खळखळून हसल्या. मग बाटल्या माझ्यात ओळीने ठेवल्या, पदर खोचले आणि त्याही वर गेल्या. शेत लवकर उरकलं तरच मीठ लवकर मिळणार होतं ना! माझ्यातल्या एका काडेपेटीलाही कोणाचा हात लागला नाही.

शेत माझ्यापासून दिसतं. जगदीश गवताबरोबर मकाही उपटत होता. रमिलाबाईचा आवाज खाली ऐकू आला, "अहो, गवत उपटा, माझं जेवण नको!" सगळ्या टेकडीवर हशा पिकला. जगदीशही हसत होता, चिखलाने माखलेला.

ऊन कलायच्या आधी शेत उरकलं आणि सगळे खाली आले. जगदीशच्या तळहातांना फोड आले होते. त्याने मिठाचं माप उचललं आणि "आई गं" म्हणून खाली ठेवलं. तेव्हा रमिलाबाई माझ्यात उतरली. तिने माप हातात घेतलं आणि ज्या बाईची पाळी होती तिच्या पिशवीत मीठ घालू लागली. माप भरलं, वर शीग चढली, शीग चांगली टेकडीएवढी.

"बहीन, शीग जराशी कमी! दुकान बुडी जाई मन्हं!"

रमिलाबाईने मागे वळून बघितलं. "शेठचं दुकान होतं तोवर सपाट माप चाललं," ती म्हणाली. "आता भाऊचं दुकान आहे. भाऊच्या दुकानात शीग लागतेच."

त्या दिवसापासून आमच्या दुकानात मिठाला शीग असते. दुकान बुडालेलं नाही. उलट शेजारच्या पाड्यांवरचे लोकही आता विचारतात, भाऊची होडी कधी येणार?

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तू विनवणी करतात, की आमची काळजी घ्या. मी ती करणार नाही. माझी काळजी घेतलेली आहे. दरवर्षी पाऊस सरला की गाव मला काठावर घेतं, सांध्यांत कापूस भरतं, डांबर देतं आणि जगदीश भात रांधतो. मी सुखात आहे आणि ज्यांनी सुखात ठेवलं त्यांचं ऋण मानते. विनवणी आहे ती तुम्ही मोठे व्हाल तेव्हासाठी. तुमच्यातलं कोणी दुकान काढेल, कोणी कारखाना काढेल, कोणी दूरच्या गरीब गावात माल घेऊन जाईल. जरूर जा. पण त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारा, माप सरळ ठेवा, आणि त्यांनी बोलावलं तर पिशवी पाठवू नका, स्वतः जा.

दिवाल्या अजूनही जुन्या गावावरून जाताना वळसा घालतो आणि इंजिन हळू करतो. तिथे खाली रमिलाबाईचं घर आहे, दाराविना उघडं. त्याचं दार वर माझ्या बुडाला आहे, आणि ते दार आता रोज कोणा ना कोणाच्या घरी मीठ घेऊन जातं.